पाठकोरी माणसे

अमेरिकेस जाऊन आलेल्या मराठी माणसाला काय काय पाहिलेत म्हणून विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. नायगराचा धबधबा, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, व्हाइट हाउसचे कुंपण आणि कुणाच्या तरी घरचा गणपती. माझ्याही यादीत हे सारे आहेच. ते नसते तर परत आल्यावर स्टाफरूममध्ये मला कोणी चहा दिला नसता. पण त्या यादीत एक नाव असे आहे, की ते घेताच ऐकणारा "हो का?" एवढेच म्हणून आपल्या कपाकडे वळतो. ते नाव मेरिलंड राज्यातल्या फ्रेडरिक गावाचे.

माझी धाकटी बहीण वॉशिंग्टनच्या उपनगरात राहते. तेथून फ्रेडरिक मोटारीने तासाभराच्या वाटेवर आहे. "ताई, तुम्ही वीस वर्षं बखरी आणि जुनी पत्रं शिकवताहात. तुम्हाला मोठाली दुकानं दाखवून काय उपयोग? चला, एक जुनं गाव दाखवतो," असे म्हणून आमच्या मेहुण्यांनी एका शनिवारी सकाळी गाडी काढली. बहिणीने थालीपिठांचा डबा बरोबर घेतला. सातासमुद्रापार गेली तरी आमची माणसे डबा काही सोडत नाहीत.

फ्रेडरिक दुरून ओळखू येते ते चर्चच्या मनोऱ्यांवरून. जवळ गेल्यावर तांबड्या विटांची दुमजली-तिमजली घरे एकमेकांना खेटून उभी दिसतात आणि त्यांच्यामधून पॅट्रिक स्ट्रीट नावाचा हमरस्ता जातो. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेची आठवण व्हावी असा तो रस्ता आहे. फरक इतकाच, की तेथे कोणी हॉर्न वाजवीत नाही.

या शांत गावाने एकदा भयंकर दिवस पाहिले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिण अशी अमेरिकेची दोन शकले झाली आणि १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध पेटले. त्यात १७ सप्टेंबर १८६२ रोजी, फ्रेडरिकपासून पंचवीस मैलांच्या आत, अँटीटम नावाच्या ओढ्याकाठी दोन्ही सैन्ये भिडली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून त्या एका दिवसाची गणती सुमारे २३,००० झाली. अमेरिकेच्या भूमीवर एका दिवसाच्या लढाईत एवढी हानी आधी कधी झाली नव्हती, पुढेही झाली नाही. गाड्या भरभरून जखमी फ्रेडरिकला आले. गावाची वस्ती आठ हजारांच्या आसपास आणि आलेले रुग्ण जवळजवळ तितकेच. शाळा भरल्या, हॉटेले भरली, चर्चमधल्या बाकांवर फळ्या टाकून त्यांवर माणसे निजवली गेली.

पॅट्रिक स्ट्रीटवरच्या एका इमारतीत त्या काळी मृत सैनिकांचे देह औषधे भरून घरी पाठवण्याजोगे केले जात. त्याच जागी १९९६ सालापासून 'नॅशनल म्यूझियम ऑफ सिव्हिल वॉर मेडिसिन' हे संग्रहालय आहे. त्याचे मूळ एका माणसाच्या छंदात आहे. इलिनॉय राज्यातले गॉर्डन डॅमन नावाचे दंतवैद्य त्या युद्धातल्या डॉक्टरांच्या वस्तू जमवीत असत. शस्त्रांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि डॉक्टरांचे फोटो असे करीत करीत संग्रह इतका वाढला, की त्याला घर पुरेना.

जुन्या लढाईतला डॉक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हातात करवत घेतलेला खाटीकच उभा राहतो. हे संग्रहालय तो समज बराचसा पुसून टाकते. बहुतेक शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्म किंवा ईथर देऊन होत. जोनाथन लेटरमन या लष्करी वैद्यकीय प्रमुखाने १८६२ साली जखमींना रणांगणावरून हलवण्यासाठी रुग्णवाहिकांचे स्वतंत्र दल उभे केले. मात्र जंतूंविषयी कोणालाच कल्पना नव्हती. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचा मार्ग प्रसिद्ध केला तो १८६७ साली. त्यामुळे गोळीने मेले त्याच्या जवळजवळ दुप्पट शिपाई हगवण, विषमज्वर आणि हिवतापाने मेले. आपण काय करीत आहोत हे पुरते ठाऊक नसताना दिवसरात्र काम करीत राहिलेली ही माणसे दिसायची तरी कशी, असा प्रश्न मनात आला आणि मी त्यांच्या फोटोंपाशी जाऊन उभी राहिले.

अडीच इंच रुंद, चार इंच उंच एवढी ती कार्डे. पत्त्याच्या पानाहून थोडी मोठी. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ प्रतिमा घ्यायच्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर त्या छापायच्या आणि कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. त्याला 'कार्त-द-व्हिझीत' म्हणत. डझनाच्या हिशेबाने प्रती मिळत, पत्रातून पाठवता येत. लढाईवर निघालेला प्रत्येकजण आधी स्टुडिओत जाई. परत येऊ न येऊ, मागे निदान तोंड तरी राहावे!

"ताई, ही कार्डं विकतही मिळतात हं," मेहुणे म्हणाले आणि त्याच रस्त्यावरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात आम्हाला घेऊन गेले.

दुकानदार सत्तरीच्या घरातला, जाड भिंगांचा गृहस्थ होता. मी मराठीची प्राध्यापिका आहे, सैन्याशी माझा काडीचा संबंध नाही, हे ऐकून त्याला जास्तच हुरूप आला. त्याने एक लाकडी पेटी पुढे ओढली. आत कार्डे उभी रचलेली, लायब्ररीतल्या कॅटलॉगसारखी. मी एक उचलून चेहरा पाहू लागले, तसा तो हसून म्हणाला, "मॅडम, आधी पाठ पाहा. चेहरा काय, तो कुठं जात नाही."

मग त्याने मला कार्ड वाचायला शिकवले. पाठीवर स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते. त्यावरून माणूस कोणत्या छावणीत किंवा इस्पितळात होता याचा माग लागतो. काही कार्डांवर तिकीट चिकटवलेले असते. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंवर कर बसवला होता. तेव्हा तिकीट असले की फोटो त्या दोन वर्षांतला, हे नक्की. मौज अशी, की कधीकधी पत्त्यांच्या जोडांसाठी काढलेली तिकिटेही फोटोंना लावून दिलेली सापडतात. करवसुलीचे खाते कुठलेही असो, काम भागल्याशी कारण.

पाठ झाली की समोरची बाजू. डॉक्टरांच्या कमरेचा रेशमी शेला हिरवा असे, इतर अधिकाऱ्यांचा किरमिजी. पण त्या वेळच्या रसायनाला निळा रंग फिका दिसे, हिरवा-तांबडा काळपट. त्यामुळे फोटोत दोन्ही शेले सारखेच काळे! मग खांद्यावरच्या पट्टीत 'एम्. एस्.' म्हणजे मेडिकल स्टाफ अशी वळणदार अक्षरे आहेत का ते भिंगाने पाहायचे. ती सर्वांच्या पट्टीवर नसतातच; तेव्हा तलवार पाहायची. डॉक्टरांची तलवार सडपातळ, लढण्यापेक्षा मिरवण्याची, आणि तिच्या मुठीपाशी तीच दोन अक्षरे. बाहीवर तिरकी हिरवी फीत आणि तीवर सापांनी वेढलेली काठी असेल, तर तो हॉस्पिटल स्ट्यूअर्ड, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे कंपाउंडर. बुटांच्या मागे लोखंडी पाय डोकावताना दिसले, तर ते मान स्थिर ठेवण्याच्या टेकूचे. त्या टेकूला डोके लावून श्वास रोखून ही माणसे उभी राहत. म्हणून तर सगळ्यांचे चेहरे इतके गंभीर.

"आणि किंमत?" बहिणीने व्यवहाराचे विचारले.

साध्या पोशाखातला कोणी एक इसम पाच डॉलरला पडला होता. डॉक्टराची खूण पटली की किंमत शेकड्यात जाई. पण खरी उडी तेव्हा, जेव्हा पाठीवर शाईने किंवा पेन्सिलीने नाव लिहिलेले असे. नाव असले, की सरकारी दप्तरातून त्याची पलटण सापडते, त्याने पाहिलेल्या लढाया सापडतात, म्हातारपणी पेन्शनसाठी केलेला अर्ज सापडतो. पुठ्ठ्याचा माणूस होतो. नाव नसले, तर सुंदर दाढीचा एक अनोळखी गृहस्थ आपल्याकडे पाहत राहतो आणि आपण त्याच्याकडे.

त्या पेटीतली बहुतेक कार्डे पाठकोरी होती. कोऱ्या पाठीचे कागद आपण वाण्याची यादी करायला वापरतो. पाठकोरी माणसे मी प्रथमच पाहत होते.

इतकी नावे गेली कुठे? दुकानदाराने कपाटातून एक मखमली आल्बम काढून दाखवला. कार्डे सरकवण्याची घरे होती. आत एकही कार्ड नव्हते. आल्बम अखंड असतो तेव्हा पहिल्या पानावर घरच्या बाईच्या अक्षरात क्रमाने नावे असतात. हा मामा, हा थोरला दीर, हे पलटणीचे डॉक्टर. पण एकेक कार्ड सुटे विकले तर पैसे जास्त येतात, म्हणून आल्बम फोडतात. कार्डे चार दिशांना जातात, नावांची यादी केराच्या टोपलीत. नावाला मोल आहे हे कळल्यावर कोऱ्या पाठीवर जुन्या वळणाने खोटे नाव लिहिणारेही निघालेच. हे तो सांगत होता आणि ती रिकामी पाने उलटत होता. स्वतः विकणारा असूनही त्याला ते बोचत असावे. ज्या छंदाने हे चेहरे आगीतून आणि वाळवीतून वाचवले, त्याच छंदाच्या हावेने त्यांची नावे पुसली, ही गोष्ट मला त्या दिवसापासून सतावते आहे.

त्यात आणखी एक विलक्षण विरोध आहे. वॉशिंग्टनच्या हेअरवुड इस्पितळातले डॉक्टर रीड बोंटेकू जखमी शिपायांचे फोटो काढवून घेत. जखम आणि तिच्यावरचे उपचार यांची नोंद राहावी हा हेतू. त्या शिपायांतल्या अनेकांच्या हातांत किंवा शेजारी पाटी असे आणि तीवर खडूने नाव व पलटण. बिचारा उघडाबोडका जखमी, पण नावानिशी इतिहासात गेला. आणि पितळी बटणांचा कोट घालून स्टुडिओत उभा राहिलेला डॉक्टर निनावी राहिला, कारण आपल्याला सगळे ओळखतात याची त्याला खात्री होती. घरातले सगळे ओळखतही होते. पण घरातली माणसे जातात, कार्ड मागे राहते.

काहींची नावे मात्र टिकली आणि ती ऐकण्याजोगी आहेत. अलेक्झांडर ऑगस्टा हा काळ्या वर्णाचा स्वतंत्र माणूस. स्वदेशात वैद्यकीचे दार बंद म्हणून कॅनडात टोरांटोला जाऊन डॉक्टर झाला आणि १८६३ साली मेजरच्या हुद्द्याने लष्करात रुजू झाला. त्याच वर्षी बाल्टिमोरला आगगाडीत लोकांनी त्याला घेरले आणि त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. हाताखालच्या गोऱ्या डॉक्टरांनी याच्या हुकुमात राहणार नाही म्हणून खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकनकडे अर्ज केला. पगार देताना अधिकाऱ्याने महिना सात डॉलर पुढे केले, म्हणजे गोऱ्या शिपायाहूनही कमी. ऑगस्टाने थेट सिनेटरला पत्र लिहून आपला हक्क मागितला. त्याचा गणवेशातला फोटो आहे. ज्या पट्ट्यांसाठी संग्राहक भिंग घेऊन बसतात, त्या एका माणसाला केवढ्याला पडल्या, हे तो पाहताना कळते.

दुसरी डॉक्टर मेरी वॉकर. बाई म्हणून तिला सैन्यात हुद्दा मिळाला नाही. कंत्राटावर काम केले, १८६४ साली शत्रूच्या कैदेत महिने काढले. १८६५ साली तिला शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले. १९१७ साली नियम बदलून ते काढून घेतले, तर बाईंनी ते परत द्यायचे साफ नाकारले. त्या १९१९ साली वारल्या. पदक १९७७ साली पुन्हा त्यांच्या नावे झाले. हे सर्वोच्च पदक मिळालेली स्त्री आजवर ती एकच. कोटावर ते पदक लावलेला तिचा फोटो प्रसिद्ध आहे. मात्र पाणी आणणाऱ्या, पट्ट्या धुणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या असंख्य बायांचे काय? सूझी किंग टेलर ही जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेली मुलगी काळ्या पलटणीत बिनपगारी शुश्रूषा करी. तिने १९०२ साली आपल्या आठवणींचे पुस्तक काढले, म्हणून तिचा चेहरा नावासकट आपल्यापर्यंत पोचला. बाकीच्यांना स्टुडिओत कोणी नेलेच नाही.

संध्याकाळी परत फिरताना मेहुण्यांनी गेटिसबर्गची एक गोष्ट सांगितली. ते गाव तेथून उत्तरेला तासाभरावर. जुलै १८६३ मध्ये तेथे मोठी लढाई झाली. एक शिपाई मरून पडला होता. अंगावर नावाची खूण नाही. हातात मात्र काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. तो फोटो फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन बर्न्स यांच्या हाती आला. वर्तमानपत्रांत तेव्हा फोटो छापता येत नसत, म्हणून मुलांच्या कपड्यांचे, वयांचे शब्दांनी वर्णन छापले. न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात ते वर्णन एका बाईच्या कानी गेले. पलटणीतल्या नवऱ्याचे कित्येक दिवसांत पत्र नव्हते. फोटोची प्रत मागवली. मुले तिचीच होती. शिपायाचे नाव एमोस ह्यूमिस्टन. त्या मुलांच्या फोटोची कार्डे विकून गेटिसबर्गला शहिदांच्या मुलांसाठी अनाथाश्रम निघाला. पुढे त्याचा कारभार बिघडला आणि तो बंद पडला, हेही खरे. पण एका निनावी देहाला नाव मिळाले ते फोटोमुळे, आणि फोटो ओळखणारे कोणी जिवंत होते म्हणून.

हे 'ओळखणारे कोणी' फार थोडा वेळ असते. क्लारा बार्टन या बाईंनी अँटीटमला जखमींची सेवा केली आणि युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनला बेपत्ता शिपायांचा शोध घेणारी कचेरी काढली. तेथे आलेली सुमारे ६३,००० पत्रे हाताळली आणि २२,००० हून अधिक जणांचा ठावठिकाणा लावला. आता व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ सालापासून संगणकाने चेहरे जुळवून जुन्या फोटोंना नावे शोधण्याची सोय केली आहे. पण संगणकाची अक्कलही शेवटी तेवढीच! त्याच माणसाच्या दुसऱ्या एखाद्या कार्डाच्या पाठीवर कोणीतरी कधीतरी नाव लिहिले असेल, तरच जुळणी होणार.

फिलाडेल्फियाचे नाव निघाले तशी मला आपल्या आनंदीबाई जोशी आठवल्या. हे युद्ध संपत आले होते तेव्हा, ३१ मार्च १८६५ रोजी, त्यांचा जन्म झाला आणि त्यांनी डॉक्टरकी केली ती त्याच फिलाडेल्फियात. १० ऑक्टोबर १८८५ चा त्यांचा फोटो तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरात जपलेला आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबूली अशा एकाच कॉलेजातल्या तिघीजणी, आपापल्या देशाच्या वेषात. आणि खाली प्रत्येकीचे नाव व गाव लिहिलेले! पुढे दीड वर्षाच्या आतच आनंदीबाई गेल्या. फोटोखाली ती ओळ नसती, तर आज कोणी परदेशी संग्राहक पेटीतून ते कार्ड काढून म्हणाला असता, 'तीन पौर्वात्य स्त्रिया, अनोळखी.'

आपल्या घरी याहून वेगळे काय आहे? माझ्या माहेरी एक फोटो आहे. आईचे एक चुलते पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळात कंपाउंडर म्हणून बसऱ्याला गेले होते. खाकी कपडे, पायांना पट्ट्या बांधलेले दोन तरुण, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. एक आमचे आजोबा, दुसरा त्यांचा मित्र. पण त्यांतले आमचे कोणते? ते सांगू शकणारी आत्या जाऊन अकरा वर्षे झाली. मामा म्हणतात डावीकडचे, मावशी म्हणते नाक पाहा, उजवीकडचे. पाठीवर स्टुडिओचा अर्धवट शिक्का आणि बाकी कोरे. कोणाच्या तरी घरचा मुलगा आम्ही गेली कित्येक वर्षे हार घालून पुजत असू आणि आमचा मुलगा नुसताच बाजूला उभा असेल.

जुन्या कॉलेजांच्या ग्रुप फोटोखाली 'बसलेले, डावीकडून' अशी नावे छापण्याची चाल आपल्याकडे होती. मास्तर आणि प्रिन्सिपॉल त्यामुळे तरले. पण घरातल्या फोटोंना ते भाग्य नाही. आजी, पणजी, लढाईवर गेलेला, नर्सिंग शिकून इस्पितळात राहिलेली विधवा आत्या, ही सारी पाठकोरीच.

दिवाळीची आवराआवर घरोघरी होते. माळ्यावरची ट्रंक खाली येते, आल्बम झटकले जातात आणि पुन्हा वर जातात. यंदा तो आल्बम लगेच वर ठेवू नका. घरातल्या सर्वांत वडील माणसाला फराळाचे ताट द्या, शेजारी बसा आणि एकेक फोटो हाती देऊन विचारा, हे कोण? मग फोटो पालथा करून मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने पाठीवर लिहा: नाव, गाव, साल, आणि नाते. बॉलपेन नको; त्याची खूण पुढे चेहऱ्यावर उमटते. नावे सांगताना म्हातारी माणसे मध्येच थांबतात, डोळे पुसतात, भलतीच हकीकत सांगू लागतात. सांगू द्यावी. चकल्या थोड्या उशिरा तळल्या तरी चालतील.